हापशीची कावीळ

शहाण्णव सालच्या थंडीत पांडेसऱ्याच्या नाक्यावर एवढी गर्दी जमली, की मला वाटलं मिलमध्ये कुणी भाजलं. जवळ गेले तर माळवाले बाबा पाट मांडून बसलेले, आणि पुढ्यात भटू उभा.

भटू सतराचा असेल. घर नाही, आईबाप नाहीत. तो, धाकटी बहीण तारा आणि आणखी चार-पाच पोरं मिलच्या बॉयलरच्या भिंतीला लागून झोपत, कारण तेवढीच भिंत गरम असायची. दिवसभर चिंध्या वेचत. एक आजारी पडला तर बाकीचे त्याच्या वाट्याच्या वेचत. मी त्या गुजराती मुलखातल्या मराठी शाळेत बाई. संध्याकाळी या पोरांना भिंतीशीच बाराखडी शिकवायची.

"देखो भाई," बाबा गर्दीला सांगत होते, "ही माळ मी याच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवली होती. आता कुठं आली? बेंबीपर्यंत. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. पण सुई टोचली, गोळी खाल्ली, तर माळ परत चढणार. मग मला बोलायचं नाही."

लोकांनी हात जोडले. माळ खरंच लांबली होती. मी मात्र भटूचे डोळे बघत होते, अगदी हळद कालवल्यासारखे.

"भटू, मुकाट्यानं दवाखान्यात चल."

"उतरतेय ना, बाई," तो पोट दाबत म्हणाला. "तिथं आधी पत्ता विचारतात."

बाबांनी पत्ता विचारला नव्हता, हे खरं. माझं डोकं असं तापलं की काय सांगू, पण भटू जागचा हलला नाही.

बाबांनी राखण म्हणून बाकीच्या पोरांनाही माळा दिल्या. तारानं तोंड धुताना आपली काढून हापशीच्या, म्हणजे हातपंपाच्या, गळ्यात अडकवली आणि विसरली. काही दिवसांनी ती शाळेत धावत आली, चेहरा उतरलेला.

"बाई, हापशीले बी कावीय व्हयनी का?"

मी हसले, पण जाऊन पाहिलं. आधी गळ्याशी घट्ट बसलेली माळ आता खालच्या ओट्याला टेकली होती. मी ती तोडली. आत एका वेलीच्या देठाचे तुकडे. सुईनं ओवलेले नव्हते, प्रत्येक तुकडा दोऱ्याच्या फासात आवळलेला. देठ ओलं असतं तेव्हा जाड असतं. वाळलं की बारीक होतं, फास सैल पडतो आणि त्यातला दोरा सुटतो. एवढे फास सुटले की माळ लांबते. माणसाच्या गळ्यात असो नाहीतर लोखंडाच्या.

आम्ही तडक नाक्यावर गेलो. तारानं माळ बाबांसमोर धरली. "बाबा, आमची हापशी बरी झाली."

लोक हसायला लागले. मी सगळ्यांदेखत एक फास सोडून दाखवला. बाबा गडबडले. "देवीची लीला आहे, तुला नाही कळायची, बेन."

"मग भटू जागा का होत नाही?" तारानं विचारलं. "सकाळपासून हाका मारतोय आम्ही."

"चांगलं आहे. झोपेत शेवटचं विष निघतं."

ते ऐकून मी तशीच भिंतीकडे पळाले. पोरांनी चिंध्यांच्या हातगाडीवर भटूला घातलं आणि पळत इस्पितळात नेलं. तिथं कुणी पत्ता विचारला नाही. डोळे उघडले तरी त्याला ताराही ओळखू येत नव्हती. दुसऱ्या दिवशी भटू गेला. माळ तेव्हा गुडघ्यापर्यंत आली होती. बाबांच्या हिशोबानं पोरगा बरा झाला होता.

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरांनी विचारलं. तारानं हापशी सांगितली. हापशीच्या बुडाशीच गटार फुटलेलं, ते रोज दिसत होतं आम्हाला.

एवढंच सांगते. डोळे पिवळे झाले, तर माळ किती उतरली ते बघू नका, माणसाकडे बघा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. त्यानं कुठलं पाणी प्यायलं ते शोधा. बेघर पोराला तर कुणीतरी हात धरूनच न्यावं लागतं.

पोरं आता डब्यात पाणी उकळून पितात. तारानं भटूची माळ हापशीला बांधली आहे. कुणी ओंजळ धरली की तारा आडवी जाते.

"पिऊ नको. तिले कावीय शे."