निळी डांगरी आणि तिची सवत

मी डांगरी बोलतेय. वर्कशॉपमध्ये घालतात ती. सदरा आणि विजार एकत्र शिवलेली, पुढे गळ्यापासून खालपर्यंत बटणं. एरवी माझ्यासारखीला कुणी बोल म्हणत नाही. बोलायचा मान रेशमी कपड्यांना, नाहीतर कपाटात घडी घालून ठेवलेल्या शालींना. त्यांनी आयुष्यात केलं काय, तर एकदा कुणाच्या तरी खांद्यावर बसल्या आणि फोटो काढून परत आल्या. असो. बोलायला लागले की मी अशीच घसरते. माझा स्वभाव मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझं कापड जाड, अस्सल सुती. शिवणाऱ्याने प्रत्येक शिवण दुहेरी घातली आणि खिशांच्या कोपऱ्यांवर जादा टाके मारले. दुकानात एक वेल्डर आला. त्याने मला उलटीसुलटी केली, कापड अंगठ्याने चोळून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "यात नायलॉन-बियलॉन काही नाही ना? ते तापलं की वितळून अंगाला चिकटतं." दुकानदाराने नाही म्हटलं, तरी त्याने आतल्या शिवणीतला एक धागा उपटून काडीने जाळून बघितला. मी तिथेच त्याची झाले. इतकी पारख करून आजवर मला कुणी हातात घेतलं नव्हतं.

तो फाटकं, कठडे, पाण्याच्या टाक्या जोडायचा. दिवसभर माझ्यावर ठिणग्या उडायच्या. माझ्या दाट विणीवर त्या क्षणभर थांबायच्या, काळा ठिपका ठेवायच्या आणि विझून खाली पडायच्या. आत त्याच्या अंगाला पत्ताही लागायचा नाही. या ठिपक्यांचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या बाया दागिने मोजतात, मी ठिपके मोजायचे.

घरी त्याची बायको मला धुवायची. तिचा मात्र मला कधी हेवा वाटला नाही, कारण मी टिकले ती तिच्या हातामुळे. ती आधी माझे सगळे खिसे रिकामे करायची. खडूचा तुकडा, एखादा नट, कधी चुरगळलेला चॉकलेटचा कागद निघायचा. "लेकीला नाही म्हणता आणि स्वतः खाता होय?" असं ती नवऱ्याला म्हणायची आणि तो ऐकूच न आल्यासारखं करायचा. मग खिसे उलटे करून ती त्यांतला लोखंडाचा भुगा झटकायची, बटणं लावायची, मला उलटी करायची आणि धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात भिजत टाकायची. तेलाचा डाग दिसला तर त्यावर आधी खडूची पूड दाबून ठेवायची, म्हणजे पूड तेल पिऊन घेते. मग भांड्याचा साबण. कॉलर आणि गुडघे ब्रशने. पिळायची मात्र नाही. पाय वर, मान खाली अशी सावलीत लटकवायची. वाळले की मला उजेडासमोर धरायची आणि जिथे उजेड आरपार दिसेल तिथे लगेच रफू करायची.

हे सगळं खरं असलं तरी माझी बादली वेगळी होती. मागच्या नळापाशी, एकटी. घरातले बाकीचे कपडे आत मशीनमध्ये एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरायचे. आणि शेवटी त्यांना मिळायचं ते निळसर सॉफ्टनर. घरात त्याला वासाचं पाणी म्हणत. त्यातून टॉवेल असे काही मऊ होऊन निघायचे की माझ्या पोटात दुखायचं. सगळे दोरीवर शेजारी शेजारी दरवळत बसायचे आणि वारा माझ्याकडून त्यांच्याकडे गेला की एक उशीचा अभ्रा मान फिरवायचा. नंतर मी त्या अभ्र्याशी बोलणंच टाकलं.

त्याहून डोक्यात जायची ती जीन्स. सुट्टीच्या दिवशी तो तिला घालायचा. कामाच्या दिवशी मी, मिरवायच्या दिवशी ती. बायकोबरोबर फिरायला ती, पाहुण्यांकडे खुर्चीवर बसायला ती. एवढं करून तिला महिन्यातून एखाद्या वेळी धुवायचे, तेही रंग जाईल म्हणून थंड पाण्यात, हळूच. मला वाटायचं, हिला एक दिवस टाकीखाली पाठीवर झोपवावं, मग कळेल रंग म्हणजे काय.

पण जीन्स म्हणजे काहीच नव्हे. माझी खरी सवत पुढे यायची होती.

वर्षं गेली. माझे गुडघे विरले, बसताना मागची शिवण उसवली. त्याच सुमारास बायको न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचा हात प्लास्टरमध्ये गेला. धुणं लेकीकडे आलं. लेक आता मोठी झाली होती, कामाला जात होती. संध्याकाळी घरी येताना बाप तिला स्कूटरवर घेऊन यायचा, मला अंगावर घालूनच. एकदा तिच्या ऑफिसच्या दारात तिच्या बरोबरीची एक मुलगी उभी होती. वेल्डर जवळ येताच त्या मुलीने नाकाला रुमाल लावला. तो हसून दोन पावलं मागे सरकला. लेकीने ते पाहिलं. वाटभर मागून तिने माझी पाठ मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

आणि काही दिवसांनी तिने नवी डांगरी आणली.

गडद निळी. कडक. बटणं चकाकणारी. बापाने ती घातली आणि आरशासमोर वळून पाहिलं. माझ्यासाठी तो कधी आरशासमोर गेला नव्हता. मी खुर्चीवर पडून बघत होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

"ही जुनी टाकून द्या आता," लेक म्हणाली.

"टाकतो कशाला? वर्कशॉपला नेतो. पाण्यात भिजवून आडोशाला टाकायला होईल," तो म्हणाला.

म्हणजे काय, ते सांगते. जोडकाम चालू असताना शेजारच्या लाकडावर, रंगावर ठिणगी पडू नये म्हणून त्यावर ओलं फडकं टाकतात. ते फडकं म्हणजे आता मी. त्याच्या पायाशी पाण्याची बादली, बादलीत मी आणि त्याच्या अंगावर ती. असे दिवस बघायला लागले.

सवतीचे लाड तर विचारू नका. मला माहीत आहे ते पुढे घरी परतल्यावर ऐकलेल्या बोलण्यावरून. बायको प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून आतून सांगायची, "बाबांच्या डांगरीला वासाचं पाणी लावू नकोस हं."

"का पण?"

"नाही लावायचं म्हणजे नाही लावायचं. तुझे बाबा सांगतात."

लेकीला वाटलं, आई काटकसर करतेय. एवढ्या मोठ्या कपड्याला किती पाणी जाईल म्हणून. तिने तोंडाने बरं म्हटलं आणि बुचभर ओतलं. पुढच्या धुण्याला आणखी थोडं. आपल्या बापाला बघून कुणी नाकाला रुमाल लावायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

वर्कशॉपमध्ये माझी सवत घमघमत यायची. तिथला फिटर, त्याला सगळे लंबू म्हणत, रोज चेष्टा करायचा.

"काय दादा, आज काम आहे की बघायचा कार्यक्रम?"

"लेकीची करामत आहे," वेल्डर म्हणायचा आणि बाही नाकाशी नेऊन वास घ्यायचा. किती कौतुकाने घ्यायचा, ते मी बादलीतून बघायचे. माझा वास त्याने जन्मात असा घेतला नव्हता.

तिच्या अंगाकडे मात्र माझं लक्ष होतं. आपल्याला जिचा हेवा वाटतो तिच्याकडे आपण बारकाईनेच बघतो. तिचा कडकपणा गेला होता. अंगावर बारीक लव उभी राहिली होती, मांजराच्या पिल्लासारखी मऊ, आणि तिच्यावर त्या पाण्याचा तुपकट थर. ठिणगी पडली की ती क्षणभर थांबून विझत नव्हती, लवेत रुतून धुमसत होती. मला कळलं. खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. पेटू दे मेली, एकदाची जाईल. एवढा विचार करून मी बादलीत स्वस्थ बसले.

तिच्या आत कोण आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते आलं, तेव्हा तिच्या डाव्या बाहीवर आगीची एक निळी रेघ सरसरत वर चढत होती.

वेल्डरच्या तोंडावर मुखवटा होता. मुखवट्याच्या काळ्या काचेतून जोडाशिवाय काही दिसत नाही. तो आपला काम करत होता, ठिणग्या उडवत होता आणि ज्वाळा कोपरापर्यंत आली होती. मला तोंड नाही, पाय नाहीत. मी ओली, जड, बादलीत पडलेली. एवढी वर्षं ज्याच्या अंगाला मी काही लागू दिलं नाही, तो माझ्यासमोर भाजत होता आणि मी हलू शकत नव्हते. तसा कुणाचा जीव टांगणीला लागू नये.

"दादा, हात!" लंबू ओरडला. त्याने बादलीत हात घातला, मला तशीच निथळत उपसली आणि वेल्डरच्या हाताभोवती गुंडाळून दाबून धरली. मी सवतीला अशी मिठी मारली की तिचा श्वास कोंडला. वाफ निघाली, चर्र आवाज झाला. मी सोडलं नाही. ज्वाळा मेली तरी मी सोडलं नाही, आणि त्या वेळी माझ्या मनात सवत नव्हतीच, खाली त्याचा हात आहे एवढंच होतं.

हात भाजला होता, पण थोडक्यावर निभावलं. मनगटाच्या वर तळहाताएवढी जागा सोलवटली. डॉक्टरने मलम लावून पट्टी बांधली. लंबूने आम्हा दोघींना एका पिशवीत कोंबून घरी पोचवलं. त्या पिशवीत आम्ही एकमेकींशी काय बोललो, ते मी सांगणार नाही.

बायकोने जळकी बाही नाकाशी नेली आणि लेकीकडे बघितलं.

"वासाचं पाणी घातलंस?"

लेक रडायला लागली. "बाबांना बघून कुणी रुमाल लावू नये म्हणून घातलं गं. मला काय माहीत असं होईल."

"तिला बोलू नकोस," वेल्डर म्हणाला. "मी नुसतं नको म्हणून सांगितलं. का नको, ते तुला तरी कुठे सांगितलं होतं? त्या पाण्याचा थर बसतो कापडावर. लव उभी राहते. मग आग त्यावरून पळते." मग लेकीकडे वळून म्हणाला, "आणि वास छान होता. मला आवडत होता."

त्यावर लेक आणखीच रडली.

मला वाटलं, आता तरी सवतीची हकालपट्टी. कसलं काय. बाई प्लास्टरचा हात घेऊन नळापाशी बसल्या आणि लेकीकडून तिला धुऊन घेतली. गरम पाणी, धुण्याचा सोडा, पुन्हा गरम पाणी. वाळली की तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब मोत्यासारखा तसाच बसला तर थर अजून आहे, लगेच जिरला तर गेला. कितीतरी धुण्यांनंतर थेंब जिरला. लेकीने आईकडे बघितलं आणि आईने मान हलवली. मी बाजूला पडून सगळं बघत होते.

मग बाई म्हणाल्या, "बाहीला ठिगळ लागेल. असंच जाड, सुती आणि ज्याला कधी वासाचं पाणी लागलं नाही असं कापड पाहिजे." आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

कात्री माझ्या पाठीवर चालली. गुडघे गेले होते, पण पाठ अजून धड होती. ती मी त्याच्याबरोबर स्कूटरवर लेकीच्या मुठीत दिली होती, एवढीच काय ती झिजली. बाकीची मी कुठे गेले ते मला ठाऊक नाही आणि विचारलंही नाही.

तर आज मी म्हणजे तळहाताहून थोडी मोठी एक चौकोनी चिंधी आहे आणि माझ्या सवतीच्या डाव्या बाहीत राहते. आमचं धुणं एकत्रच होतं. लेकच धुते, बादली वेगळी, पाणी साधं. तुमच्या घरी आगीपाशी काम करणारं कुणी असेल तर त्याच्या कपड्यांना काय लावायचं नाही ते सांगाच, पण का नाही तेही सांगा. आणि माझ्यासारखी एखादी जुनी खुंटीला असेल तर टाकून देण्याआधी तिची पाठ एकदा उजेडात धरून बघा, एवढं मागणं आहे.

स्वभाव काही बदललेला नाही. सवत अजून गडद निळी आहे, अजून तोऱ्यात चालते, आरशात दिसते ती तीच. पण ठिगळ बाहेरून लावलं तर त्याच्या काठात ठिणगी अडकते, म्हणून बाईंनी मला आतून लावायला लावलं. त्यामुळे त्याचा हात जिथे भाजला तिथली ती गुळगुळीत, गुलाबी कातडी आहे ना, तिला दिवसभर मी टेकलेली असते. बाकी सगळा माणूस तिच्याकडे आहे. तेवढ्या जागी मात्र तिला मला ओलांडून यावं लागतं, आणि मी तिला येऊ देत नाही.