मोजता मोजता बिघडलेलं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं मनगटी घड्याळ आहे. सेल नाही, चार्जर नाही. सकाळी कोणी मायेने चावी दिली की दिवसभर चालतो. ते कोणी म्हणजे डोंबिवलीचे हरिहरराव. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी मला घेतलं. अंघोळ, देवाला नमस्कार, मग मला चावी, हा क्रम निवृत्तीनंतरही मोडला नाही. एकेकाळी सगळी बिल्डिंग त्यांना वेळ विचारायची. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. हरिहरराव मात्र मोबाईलमध्ये वेळ बघत नसत. स्वतःच्या घराचा पत्ता शेजाऱ्याला विचारल्यासारखं वाटायचं त्यांना.

मुलगा सुशांत आणि सून रसिका ठाण्याला नोकरीला. दुपारी शाळेच्या बसमधून नात सान्वीला उतरवून घ्यायचं काम हरिहररावांचं. त्या कामाचा त्यांना कोण अभिमान!

एका रविवारी सुशांतने मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं. घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती पुढे, किती मागे, हे ॲप म्हणे सांगतं.

"बाबा, द्या जरा. तुमच्या साहेबांची तपासणी करू."

पडद्यावर ठिपके उमटले. "दिवसाला बारा सेकंद पुढे!"

"बारा सेकंद?" हरिहरराव हसले. "लेका, तू शाळेपासून अर्धा तास मागे आहेस. त्याचं आहे का ॲप?"

"आहे ना बाबा," रसिका म्हणाली, "मीच!"

सुशांतला नादच लागला. रोज संध्याकाळी मोजणी. मग मला मोबाईलच्या मिटत्या कव्हरावर ठेवून स्वारी चहाला. त्या कव्हरात लोहचुंबक होतं. माझ्या पोटातली केसासारखी बारीक स्प्रिंग त्याने आखडली आणि मी पळत सुटलो. तोवर सुशांतचा नाद संपला होता. माझी भाषा कळणारं एकच ॲप, तेही कोणी उघडेना.

हरिहररावांनी माझे काटे हलवले नाहीत. विश्वास ना! रोज थोडं थोडं करत मी चांगला अर्धा तास पुढे गेलो.

"रसिका, बस आलीच नाही गं!" त्यांनी दोनदा फोन केला.

"बाबा, अजून वेळ आहे," ती दोनदा म्हणाली.

तिसऱ्या वेळी त्यांनी फोन केला नाही. घाबरून ते थेट शाळेकडे चालत निघाले. इकडे बस तिच्या वेळेवर आली. बिल्डिंगच्या गेटवर आजोबा नाहीत. सान्वी वॉचमनच्या खुर्चीत बसून हुंदके देत राहिली.

संध्याकाळी कोणी रागावलं नाही. तेच वाईट झालं.

"उद्यापासून खालच्या रुपालीताई आणतील तिला," रसिका हळूच म्हणाली. "तुम्ही आराम करा, बाबा."

"अगं, मी घड्याळ बघूनच गेलेलो."

सुशांत-रसिकाने एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. हरिहररावांनी मला काढून कपाटात ठेवलं.

काही दिवसांनी सुशांतने मला पुन्हा ॲपसमोर धरलं. ठिपक्यांची रेघ जिन्यासारखी चढली. खाली सूचना आली: चुंबक लागलं असावं. त्याने कव्हराकडे पाहिलं आणि कान खाजवला. घड्याळाच्या दुकानात माझ्यात शिरलेलं चुंबकत्व क्षणात उतरवलं.

"बाबा, नीट झालं बघा. जुनं आहे, होतं असं."

कव्हराचं नाव त्याने घेतलं नाही.

मित्रांनो, जुन्या घड्याळाला लोहचुंबकापासून जपा. खुशाल मोजा आम्हाला. पण चूक तुमची निघाली, तर आमची मोजताना जेवढ्या मोठ्याने ओरडलात, तेवढ्याच मोठ्याने तीही सांगा.

मी पुन्हा हरिहररावांच्या मनगटावर आहे. वेळ अगदी बरोबर दाखवतो. ते मला चावी देतात, बराच वेळ निरखतात आणि मग विचारतात,

"सुशांत, किती वाजले रे?"