रिकामी ओळ

वल्लरीने पर्समधून चांदीचा वाटोळा ब्रोच काढून हेल्मीपुढे धरला.

"आईचा. तुमच्या गायनवृंदाचाच ना? परत द्यायला आले."

"तालीम होईपर्यंत थांब," हेल्मी म्हणाली. "आज सुचित्राची, तुझ्या आईची, ओळ रिकामी ठेवायची आहे. मुख्य गायिका गेली की आमची तशी रीत आहे."

अमेरिकेतल्या हिल्सबरोच्या त्या हॉलमध्ये वृंदातली एस्टोनियन माणसं एका रिकाम्या खुर्चीभोवती उभी होती. शेजारच्या हेल्मीच्या आग्रहाने आई इथे आली आणि हळूहळू मुख्य गायिका झाली. मुख्य गायिकेने ओळ म्हणायची. तिची शेवटची अक्षरं बाकीच्यांनी झेलायची आणि ओळ पुन्हा गायची.

"जशीच्या तशी!" हेल्मी हसली. "तिच्या चुकांसकट. एकदा तिने मराठीत भेंडीच्या भाजीवर गायलं. आम्ही भेंडीही गायलो."

वल्लरीला हसू आलं. मग भिंतीशी बसून तिने ब्रोच मुठीत घट्ट धरला.

आईच्या शेवटच्या रात्री, कामावरची हेन्डरसनची फार्मसी बंद करून ती हॉस्पिटलात पोचली, तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. उघडे पाय शालीने झाकून ती हाक न मारताच परतली. पहाटे फोन आला. आपण आलो होतो हे आईला कळलं का, एवढंच तिला हवं होतं. तिला येताना तर नर्सनेही पाहिलं नव्हतं.

हेल्मीने मान हलवून तालीम सुरू केली. एका ओळीएवढी शांतता गेली. मग कुणीही खूण न करता सगळ्यांनी एकदम सूर लावला. उच्चार जड होते, शब्द स्वच्छ मराठी.

"पाय झाकलेस, वल्लू, जागीच होते मी, जागीच होते."

वल्लरी ताडकन उठली. "हे कुणी शिकवलं तुम्हांला?"

"शिकवलं?" हेल्मी कुजबुजली. "ती गायली, आम्ही उचललं." तिने वल्लरीकडे नवलाने पाहिलं. "तुला नाही ऐकू आलं?"

पुन्हा रिकामी ओळ. साऱ्यांच्या माना खुर्चीकडे किंचित झुकल्या होत्या. आता आई काय विचारील, ते वल्लरीला ठाऊक होतं: हाक का नाही मारलीस? त्याआधीच ती पुढे झाली. आवाज फाटला, तरी तिने सूर धरला.

"आई गं, उठतेस का?"

वृंदाने ती ओळ उचलली नाही. हेल्मीने ओठांवर बोट ठेवलं. काही ऐकू येत असल्यासारख्या माना खुर्चीकडे आणखी झुकल्या.