सरदार मेरिगचे वंशज

गोरॉन्वी जोन्सने फोन लावला आणि पलीकडून नेहमीचा प्रश्न आला.

"कुठले जोन्स?"

पाथरवट हेविनचं तरी काय चुकलं? त्या डोंगरगावात दगड भिरकावला तर तो जोन्सलाच लागायचा, आणि नाहीच लागला तर जोन्सच्या मेंढीला. म्हणून पाववाला जोन्स, शाळेचा जोन्स, बहिरा जोन्स. बहिऱ्या जोन्सला खणखणीत ऐकू यायचं. बहिरा त्याचा आजा होता. गोरॉन्वीचा आजा एका रविवारी घाईघाईत एकाच पायात बूट घालून चॅपेलात आला, दुसरा कुत्र्याने पळवला होता, आणि वर थेट पुढच्या मानाच्या बाकावर जाऊन बसला. झालं. तेव्हापासून घराणं एकबुट्या. गोरॉन्वी जन्मभर दोन्ही बूट लखलखीत घासून सगळ्यांच्या आधी चॅपेलात हजर राहिला. काडीचा उपयोग झाला नाही.

"ज्याला दगड करून घ्यायचाय तो जोन्स," तो तुटकपणे म्हणाला.

"हां, एक..." हेविनने पुढचा शब्द गिळला. "बोला, काका."

दगड ऑल्वेनच्या थडग्याचा होता. गोरॉन्वीची बायको पानगळीत गेली, आणि तेव्हापासून घर त्याला खायला उठत होतं. चाळीस वर्षं गावाने तिला एकबुट्याची बायको म्हटलं. ती हसून सोडून द्यायची. पण मनातून बिचारीला लागत असणार, असं त्याला वाटे. निदान थडग्यावर तरी तिला घरंदाज नाव मिळावं, एवढीच आता त्याची इच्छा होती. त्यासाठी हिवाळाभर तो जिल्ह्याच्या दप्तरखान्यात मिस प्रॉबर्टचं डोकं खात बसला होता.

मिस प्रॉबर्टने परोपरीने समजावलं. आपल्या लोकांत पूर्वी आडनावं नव्हतीच. बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागायचं आणि दर पिढीला बदलायचं. मग इंग्रजी रीत आली, आणि त्या वेळी जो बाप हाताशी होता त्याचंच नाव कायमचं चिकटलं. रॉबर्टची पोरं 'अप रॉबर्ट', म्हणजे रॉबर्टचा मुलगा, यावरून प्रॉबर्ट झाली, जॉनची जोन्स. आणि जॉन तर घरटी एक. सहा पिढ्या मागे जाऊन तिने हात टेकले. त्याच्या मागे नुसता अंदाज, म्हणाली.

गोरॉन्वीला अंदाज पुष्कळ झाला. सातव्या पिढीतल्या कुठल्याशा जॉनपासून जुन्या काळच्या सरदार मेरिगपर्यंतची तीनशे वर्षांची दरी त्याने एका उडीत पार केली, तीही दोन्ही बुटांसकट.

"लिही," तो हेविनला म्हणाला. "ऑल्वेन जोन्स. सरदार मेरिगचे वंशज जी. जोन्स यांची पत्नी."

"काका, लोकांना कळेल ना, कुठली ऑल्वेन ते?"

"न कळायला काय झालं?"

फुलांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, सगळं गाव थडगी धुऊन-पुसून फुलांनी सजवतं. ऑल्वेनचा काळाभोर नवा दगड झळकत होता. सोनेरी अक्षरांतला सरदार तर रस्त्यावरून वाचता येत होता. लोक थांबत, वाचत, एकमेकांकडे बघत आणि खोकत पुढे जात. गोरॉन्वी पाण्याची बादली भरून आणायला नळावर गेला.

परत येतो तर काय, ऑल्वेनची थोरली बहीण टेग्वेन लिव्हरपूलहून आलेली. खुब्याचं हाड मोडल्यामुळे तिला अंत्यविधीला येता आलं नव्हतं. ओंजळभर पिवळे डॅफोडिल एका थडग्यावर मांडून, काठी टेकून ती मुसमुसत होती. थडगं होतं शाळेच्या जोन्सच्या ऑल्वेनचं. याच बाईने तीस वर्षं गावच्या जत्रेत मनुकांच्या पावाचं पहिलं बक्षीस आपल्या ऑल्वेनला मिळू दिलं नव्हतं.

गोरॉन्वी चूक सांगायला पुढे झाला. पण टेग्वेन बहिणीची माफी मागत होती, लहानपणापासूनचं सगळं सांगत होती. मध्येच तोंड घालण्याचा त्याला धीर झाला नाही. त्याने टोपी काढली आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

बऱ्याच वेळाने टेग्वेनने डोळे पुसले.

"साधाच दगड केलास, बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर ते तिकडे बघ. कुणा सरदाराचे वंशज म्हणे. ऑल्वेन असती तर हसून हसून इथेच लोळली असती."

गोरॉन्वीने मान हलवली.

"पण एकबुट्या का नाही रे घातलंस? इथे ऑल्वेन जोन्स पाच. शोधता शोधता जीव गेला माझा. ती तर फोनवर पहिलं तेच म्हणायची. 'एकबुट्याची ऑल्वेन बोलतेय.' काय ऐट असायची त्यात."

"ऐट?"

"मग? गावात दुसरी होती का कुणी एकबुट्याची?"

टेग्वेनला बसमध्ये बसवून तो परत आला. डॅफोडिल उचलून त्याने आपल्या ऑल्वेनपुढे ठेवले. मग थोडा विचार करून निम्मे पुन्हा त्या दुसरीला नेऊन दिले. काही झालं तरी तिने सगळं निमूट ऐकून घेतलं होतं.

घरी येऊन त्याने फोन उचलला.

"कुठले जोन्स?" हेविनने विचारलं.

गोरॉन्वीने घसा साफ केला. हा शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून आजवर कधी निघाला नव्हता.

"एकबुट्या."

हेविन हळूच म्हणाला, "काका, दगडावर आता जागा नाही हो."

"आहे," गोरॉन्वी म्हणाला. "सरदार घासून काढ."