टेकचंदची मूठ

भोजराजनं टेकचंदच्या दंडावर गुडघा रोवला, मनगट धरलं आणि कोपर पिरगाळून खाडकन ओढलं. मोहाडीच्या भरल्या बाजारात टेकचंद गुरासारखा ओरडला. डोळ्यांपुढं अंधारी आली, तशातच त्यानं डाव्या हातानं भोजराजच्या तोंडावर ठोसा हाणला. समोरचा दात मातीत पडला.

टेकचंद हातमागावरचा विणकर. दोन वर्षांपासून त्याचं उजवं कोपर ठणकत होतं; पाण्यानं भरला गडवाही उचलवत नव्हता. हाडं बसवणाऱ्या भोजराजकडून तीनदा झटका घेतला, बाजारातला हा तिसरा; तर कोपर आणखीच सुजलं.

शेवटी बायकोनं, कौशल्यानं, त्याला फिजिओथेरपीवाल्या रुचिकाकडं नेलं.

"याला टेनिस एल्बो म्हणतात."

"टेनिस? मी तं गोट्याबी धड नाही खेळलो, मॅडम!"

रुचिकानं अंगठा दुखऱ्या जागी रोवला आणि शिरेवर आडवा घासू लागली. टेकचंदची डावी मूठ वर गेली. कौशल्यानं झडप घालून ती धरली.

"आता मॅडमलेबी मारता काय?"

"झटका आम्हीही देतो, भाऊ," रुचिका शांतपणे म्हणाली. "पण कोपर पुरतं सरळ होत असेल तरच. तुमचं होत नाही, म्हणून सांधा दुखावला. घासल्यानं गुण येतो, पण हळूहळू. आता तिसरा उपाय करून पाहू."

तिनं दंड घट्ट धरला, कोपराखालचं हाड बाहेरच्या अंगाला सरकवून तसंच दाबून ठेवलं. "मूठ आवळा."

टेकचंदनं भीतभीत आवळली. कळ आलीच नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या खेपेला तो कौशल्यासोबत दवाखान्यातून बाहेर पडला, तर दारात भोजराज काठी घेऊन उभा.

"दात पाडला माहा! लोकं हासून राहिले मले!"

पहिली काठी टेकचंदच्या खांद्यावर बसली. मधे पडलेली कौशल्या ढकलली जाऊन पायरीवर आपटली, कपाळ फुटलं. दुसरी काठी टेकचंदनं उजव्या हातानं हवेतच धरली. पकड सुटली नाही. त्यानं काठी हिसकावली आणि हाणली. भोजराज खाली बसला. तिथंच थांबायला हवं होतं. पण हातात जोर आला होता, आणि त्या जोराची त्याला चव लागली. आणखी तीनदा हाणली. तिसऱ्या वेळी भोजराजनं डोक्यावर धरलेला हात कडकन मोडला.

रुचिका धावत आली. पुठ्ठा लावून तिनं तो हात बांधला, रिक्षा बोलावली. मग टेकचंदकडं वळली.

"याच्यासाठी बरा केला का मी तुमचा हात? पुन्हा येऊ नका."

पोलीस आले, केस झाली. कपाळाला टाके घातलेली कौशल्या महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

रुचिकानं शिकवलेले व्यायाम टेकचंद घरीच करत राहिला. तीन महिन्यांत माग पुन्हा चालू झाला. भोजराजचं हाड जुळलं, पण त्याची मूठ नीट वळेना; त्यानं बाजारात बसणं सोडलं. एकदा टेकचंद त्याच्या घरी गेला, ओसरीवर तासभर बसला. भोजराज बाहेर आलाच नाही.