शिकागोला गेलेला लेम्युएल

चर्चच्या तळघरातल्या गुरुवारच्या बैठकीला ओझेला वर्षभर न चुकता यायची, पण एकदा तरी तोंड उघडलं असेल तर शपथ. आपल्या काळ्या लोकांचा जो इतिहास शाळेत कुणी शिकवला नाही, तो इथे मंडळी एकमेकांना सांगायची. गोऱ्यांच्या झुंडींनी या जिल्ह्यात जीव घेतलेल्यांची अठरा नावं जमली होती. सोमवारी ती स्मारकाच्या दगडावर कोरायला जायची होती, म्हणजे बोलायचं तर आजच. एकोणिसावं नाव बासष्ट वर्षं ओझेलाच्या घशात अडकलेलं, आणि शेजारच्या खुर्चीत नेमकी धाकटी बहीण व्हर्नेल!

"अजून कुणाचं राहिलंय?" टॉलिव्हर मास्तरांनी विचारलं.

"आमच्या घरचं नाही हो," व्हर्नेल म्हणाली. तिची जीभ म्हणजे कात्रीच. "आमचा दादा पळपुटा. मिसिसिपीची धूळ झटकून शिकागोला साहेब झाला. आईच्या मातीलासुद्धा फिरकला नाही, निर्लज्ज!"

मंडळी हसली. उत्तरेला गेलेला असा एखादा प्रत्येकाच्याच घरात होता.

"मास्तर, लिहा," ओझेला म्हणाली. "लेम्युएल प्रॅथर."

"ताई, डोकं फिरलं का तुझं?"

"तो शिकागोला गेलाच नाही गं. कापूस गिरणीच्या मालकाला उलट बोलला, म्हणून गोऱ्यांच्या झुंडीने भर दुपारी नदीवर नेऊन मारला त्याला. वर शेरीफ दारात येऊन आईला म्हणाला, पोरगा उत्तरेला गेला असंच सांगायचं, नाहीतर पोरींचंही बघतो. तू सहा वर्षांची, बडबडी. तुला खरं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं."

"आणि नाताळला पत्रं यायची ती?"

"आई सांगायची, मी लिहायचे."

व्हर्नेल खुर्चीतच तिच्याकडे वळली. "आणि आई गेल्यावर? तेव्हा कुणाची भीती होती तुला?"

ओझेलाला आधी भीती होती, मग आईला दिलेला शब्द होता, आणि त्यानंतर नुसती लाज. एवढी वर्षं गप्प राहिलेल्या माणसाने सुरुवात तरी कुठून करायची? तिला रडू आवरेना.

मास्तरांनी हळूच विचारलं, "वय काय लिहू?"

"सतरा."

"सतरा?" व्हर्नेल पुटपुटली. तिच्या डोळ्यांपुढचा दादा कायम टोपीवाला, पोट सुटलेला, बायकोच्या मुठीतला माणूस होता. सत्तरीला टेकेपर्यंत ती त्या माणसाशी भांडत आली होती. "माझा नातू त्याच्याहून मोठा आहे गं. एवढ्याशा पोराला मी जन्मभर शिव्या घातल्या, आणि तू शेजारी बसून ऐकत राहिलीस."

ओझेलाने तिचा हात धरायला हात पुढे केला. व्हर्नेलने आपला हात मांडीवरून उचलून पोटाशी घेतला आणि मास्तर नाव लिहीत होते तिकडे बघत राहिली.