पुकारा

कांदा काढायला आला होता. बायांची रांग वाफ्यांतून पुढे सरकत होती आणि मागे जमीन उघडी पडत होती. मुळाशी बोटे घालायची, कांदा उपटायचा, माती झटकायची आणि विळ्याच्या एका फटक्यात पात उडवायची. थोरलीच्या हाताला ते काम इतके बसले होते, की तिचे लक्ष कधी विळ्याकडे नसायचेच. ते असायचे धाकटीकडे.

आई-बाप गेले तेव्हा धाकटी पाळण्यात होती. थोरलीने तिला वाढवले, शिकवले आणि स्वतःचे लग्न राहून गेले त्याची चर्चा कधी घरात होऊ दिली नाही. आता धाकटीचे ठरले होते. जीपवाल्याशी. बाजाराच्या गावी जाणारी जीप वस्तीवर एकच होती, आणि तिचा मालक आपण होऊन मागणी घालायला आला होता. गोड बोलणारा, हसतमुख. पहिली बायको नांदली नाही, सोडून गेली, हेही त्याने मान खाली घालून सांगून टाकले होते.

बांधापलीकडच्या रस्त्यावर जीप थांबली. हॉर्न वाजला, जरा थांबून पुन्हा वाजला. धाकटीने पाटी तिथेच टाकली आणि हसत बांधाकडे पळाली.

थोरलीच्या शेजारी परगावाहून कामाला आलेली एक बाई होती. तिचा विळा थांबला.

"ताई, हा तुमचा कोण?"

"होणारा जावई म्हण. बहीण असली तरी मला ती लेकीच्या जागी."

"अगं बाई! मग मी काही बोललेच नाही असं समजा."

"आता तोंड उघडलंस ना? बोल."

बाईने आजूबाजूला पाहिले आणि कांदा उपटता उपटता, मान वर न करता बोलली, "ह्याची पहिली बायको आमच्या शेजारी राहते."

"सोडून गेली ती. माहीत आहे आम्हाला."

"गेलीच की. डावा हात गळ्यात बांधून गेली. अजून त्या हातानं घागर उचलत नाही. कोर्टात गेलं होतं सगळं."

"कशानं मारलं? निकाल काय लागला?"

"ते मला नका विचारू. मला इथून त्याच्याच जीपनं परत जायचंय. कोर्टात लिहिलेलं असेल, तिथं बघा."

त्यानंतर बाईने तोंडाला जे कुलूप घातले ते घातलेच.  धाकटीला हे सांगावे, तर ती म्हणणार, लोकांना माझं चांगलं बघवत नाही. तोंडी गोष्टीवर ठरलेले मोडावे, तर खोटे निघाल्यावर पोरीला काय तोंड दाखवायचे? आणि खरे निघाले तर? त्या विचारापाशी आले, की थोरलीचे मन बिथरल्या जनावरासारखे मागे सरायचे. कागद हवा होता. कागद आणायला कोर्टात जायला हवे होते. आणि कोर्टात जायला वस्तीवरून जीप एकच होती.

"डोळे दाखवायचे आहेत," तिने जीपवाल्याला सांगितले.

"मग पुढं बसा ना, ताई! तुम्हाला मागं कोंबलं तर धाकटी मला जेवू घालायची नाही."

तिला पुढे बसावे लागले. पहिल्याच वळणाला सीटखालून एक लोखंडी दांडा घरंगळत येऊन तिच्या घोट्यावर आदळला. जॅक फिरवायचा दांडा, मनगटाएवढा जाड. त्याच्या एका टोकाला बारीक तारेचा वेढा होता आणि वेढ्यावर चकचकीत लाल ठिपका.

"सरकवा तो पायानं," जीपवाला हसला. "जुना सोबती आहे. मला सोडून कुठं जात नाही."

तिने तो पायाने सरकवला. प्रत्येक वळणाला तो परत आला.

जीप उभी राहिली ती नेमकी कोर्टाच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीपाशी. सगळ्याच जीपा तिथे उभ्या राहत. जीपवाला बाकावर ऐसपैस बसला. "जाऊन या सावकाश. मी इथंच आहे." थोरली दवाखान्याच्या दिशेने चालू लागली, पुढच्या गल्लीत वळली आणि मागच्या बाजूने कोर्टाच्या आवारात शिरली. तेवढ्या चालण्यात तिचे लुगडे घामाने पाठीला चिकटले.

पत्र्याच्या छपरीखाली अर्ज लिहून देणारा म्हातारा बसला होता.

"कोणाचा खटला?"

तिने जीपवाल्याचे नाव सांगितले, जवळजवळ ओठांतच.

"बाई, माझे कान तुमच्यापेक्षा म्हातारे आहेत. मोठ्यानं."

तिने पुन्हा सांगितले.

"खटल्यात तुम्ही कोण? फिर्यादी? साक्षीदार?"

"कोणीच नाही."

"म्हणजे तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला निकालाची नक्कल मिळते, पण कारण लिहावं लागतं. साहेब वाचतात, पटलं तर सही करतात. कारण काय?"

"घरातलं आहे."

"घरातलं, असं कारण नसतं."

थोरलीने फाटकाकडे पाहिले. मग टेबलावर वाकली. "बहीण द्यायची आहे त्याला."

म्हाताऱ्याची लेखणी थांबली. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिले आणि एकटाकी अर्ज लिहून दिला. "तातडीची नक्कल मागितली आहे. खटल्याचा नंबर ठाऊक नाही, तेव्हा अभिलेख खोलीत जा. पोलीस ठाणं आणि साल सांगा, कारकून शोधून देईल. कुरकुर करेल, पण देईल."

अभिलेख खोलीत फडताळांतून कापडात बांधलेली बाडे छतापर्यंत गेली होती. कारकुनाने कुरकुर केली. "साल नक्की ठाऊक नाही? मग आमची बाडं काय तुम्हाला हाक मारून सांगणार आहेत?" तरी तो शिडीवर चढला. तो धूळ झटकत असताना थोरली उभी राहिली होती एका जाळीच्या कपाटापाशी. आत कोयता होता, सायकलची साखळी होती, फुटलेला कंदील होता. प्रत्येकाला बारीक तारेचा वेढा, त्यात अडकवलेली चिठ्ठी आणि वेढ्यावर लाल ठिपका.

"हे काय हो?"

"मुद्देमाल," वरून कारकून म्हणाला. "गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू. तार बांधून लाखेची मोहर करतो. हात लावू नका."

हात लावायचा प्रश्नच नव्हता. तिच्या घोट्यावर, दांडा आदळला होता त्या जागी, कळ उठली.

बाड सापडले. साहेबांची सही झाली. नक्कल तयार व्हायला दुपार टळणार होती. आणि तेव्हा तिने व्हरांड्यात उभ्या असलेल्या शिपायाचा आवाज ऐकला. कुणाची तरी नक्कल तयार झाली होती. तो पायरीवर आला, फाटकाकडे तोंड केले आणि अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, खटल्यातल्या आरोपीचे नाव अशा मोठ्या सुरात पुकारली, की टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या.

 थोरली त्याच्याकडे धावली.

"दादा, माझी नक्कल आली की हळू सांगा. मी इथंच उभी आहे, तुमच्याजवळ."

"हळू?" शिपाई मिशीत हसला. "हळू पुकारायचं असतं तर माझ्या मुलाला ठेवलं नसतं का? त्याचा आवाज शेळीसारखा आहे. बाई, पुकारा म्हणजे पुकारा. कोर्टात जे होतं ते चव्हाट्यावर होतं."

ती खांबाआड उभी राहिली. समोर जीपवाला चहा पीत होता, कुणाच्या तरी पाठीवर थाप मारत होता. पळून जावे, नक्कल राहू द्यावी, असे तिला पुनःपुन्हा वाटले. पण बांधाकडे पळत गेलेली धाकटी डोळ्यांपुढून हलेना.

शिपाई पायरीवर आला. आधी तिचे नाव गरजला, बापाच्या नावासकट. मग जीपवाल्याचे.

बाकावरच्या जीपवाल्याने पेला खाली ठेवला.

तिने कागद घेतला, तिथेच वाचला. भाषा अवघड होती, पण अर्थ सोपा होता. फिर्यादी बायकोने साक्षीत सांगितले, की आपण पायरीवरून पडलो. पुरावा उरला नाही. आरोपी निर्दोष. आणि अगदी शेवटी एक ओळ: जप्त केलेला जॅकचा लोखंडी दांडा मालकास परत करावा.

फाटकात जीपवाला उभा होता. हसतच होता.

"काय ताई, डोळ्यांचे डॉक्टर हल्ली इथं बसतात का?"

तिने कागद पदराखाली घेतला.

"वाचलंत ना? निर्दोष. मला विचारलं असतंत तर फुकट सांगितलं असतं. चला, बसा. पुढंच बसा."

दुसरी जीप नव्हती. अंतर पायी जाण्यासारखे नव्हते. ती बसली. मागे बाजार करून परतणाऱ्या बाया होत्या आणि वस्तीच्या अलीकडे राहणारा गिरणीवाला. जीपवाला बोलत नव्हता, आणि त्याचे न बोलणेच तिला जास्त भिववत होते. दांडा पायाशी आला, गेला, पुन्हा आला. एकेक बाई उतरत गेली. थोरली मनात मोजदाद करत होती: आता ह्या उतरतील, मग गिरणीवाला, आणि मग वस्तीपर्यंतचा सगळा ओसाड रस्ता आपण आणि हा.

"गिरणी आली," जीपवाला म्हणाला. "उतरा, शेठ."

गिरणीवाल्याने पोते खांद्याला लावले. मागे उरलेल्या दोन म्हाताऱ्याही उतरायला पिशव्या सावरू लागल्या.  दिवसभर थोरली कुजबुजत आली होती, आणि कुजबुजण्याचा शेवट ह्या पुढच्या रस्त्यावर होता. तिला एकाएकी तो शिपाई आठवला. ती मागे वळली, छाती भरून श्वास घेतला आणि पुकारा केला.

"थांबा! उतरू नका! ह्याच्या बायकोचा हात मोडल्याचा खटला होता. कोर्टाचा कागद आहे माझ्यापाशी. दांड्यानं मोडला असा खटला. दांडा ह्याला परत मिळाला. तो बघा, माझ्या पायाशी. लाख अजून तशीच आहे!"

आवाज फाटला, चिरकला. पण साऱ्या जीपभर भरला. म्हाताऱ्या जागच्या जागी गोठल्या. गिरणीवाल्याने पोते सावकाश पुन्हा खाली ठेवले. वाकून त्याने पुढच्या सीटखालचा दांडा पाहिला. मग बसला.

"मी पुढंच उतरतो," तो म्हणाला. "बाईंच्या दारात."

"आम्हीपण," एक म्हातारी म्हणाली.

"परत कसे जाल?" जीपवाल्याचा आवाज पहिल्यांदाच खरखरला.

"पायी. तुला काय त्याचं? चालव."

धाकटीने दार उघडले. "डॉक्टर काय म्हणाले?" थोरलीने कागद पुढे केला. धाकटी आधी भडकली. "तुला कुणी सांगितलं होतं शोधायला? निर्दोष लिहिलंय इथं! वाचता येतं ना तुला?" थोरलीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "त्या दांड्यावर कोर्टाची लाख आहे अजून." धाकटीने वाचले.

"मी विचारलं होतं त्याला," ती म्हणाली, "दांड्यावर हा लाल कसला डाग. रंग सांडला म्हणाला." तिने कागदाची घडी घातली. "हसला होता तेव्हा."

थोरलीने दाराला कडी घातली, अडसरही लावला.

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा वाफ्यात उतरली. गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती. ह्या जीपशिवाय बाजाराला कांदा कसा न्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि परगावच्या बाईने परतीला पायीच जायचे ठरवले होते. ऊन चढले, तशी रस्त्यावर जीप आली. बांधापाशी थांबली. हॉर्न वाजला, जरा थांबून पुन्हा वाजला.

 थोरलीच्या विळ्याखाली पात वेडीवाकडी छाटली जात होती. भीती गेली नव्हती. ती आता इथेच राहायला आली आहे, हे तिला कळत होते. तिने तिरप्या नजरेने शेजारी पाहिले. धाकटीची बोटे कांद्याच्या मुळाशी होती. तिने कांदा उपटला, माती झटकली.

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, लांब, चिडलेला. रांगेतल्या एकाही बाईने मान वर केली नाही.